राग मला येतो, दार मी आपटते

वडाळ्यात राहणाऱ्याला फाटा म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. सीएसएमटीहून सुटलेली हार्बरची गाडी मस्जिद, डॉकयार्ड रोड, रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी अशी एकाच वाटेनं येते आणि वडाळा रोडनंतर त्या वाटेच्या दोन वाटा होतात. एक किंग्ज सर्कल, माहीम, वांद्रे करत गोरेगावकडे जाते, दुसरी जीटीबी नगर, चुनाभट्टी, कुर्ला करत खाडी ओलांडून पनवेलकडे. शिवडीपर्यंत कुठल्याही गाडीत चढलात तरी फारसं बिघडत नाही. वडाळ्याला मात्र इंडिकेटर बघावा लागतो. घाईत भलत्याच गाडीत चढलेली माणसं इथल्या फलाटावर रोज दिसतात. काही जण चूक लक्षात आली की उतरतात, पुलावरून पलीकडे जातात आणि पुढच्या गाडीची वाट बघतात. काही जण मात्र बसल्या जागी कपाळाला हात लावून स्वतःला शिव्या घालत राहतात. तेवढ्यात गाडी सुटते.

हे हस्तपुस्तक ज्या दोन मैत्रिणींनी लिहिलं त्या समुपदेशक आहेत, आणि त्यांच्या पुस्तकातली पहिलीच आकृती फाट्याची आहे. खाली एक सरळ रेघ, वर तिच्या दोन शाखा. रेघेच्या तळाशी लिहिलंय: प्रसंग, विचार, भावना. एका शाखेवर लिहिलंय: मला जसं माणूस व्हायचंय तिकडे. दुसरीवर: तिथून दूर. मी ती आकृती बघितली आणि म्हटलं, हे तर आपलं स्टेशन आहे. त्यावर त्या म्हणाल्या, मग प्रस्तावना तूच लिही.

मी मानसशास्त्रज्ञ नाही. चौतीस वर्षं मराठी शिकवलं, त्यातली पहिली काही वर्षं परळच्या बाजूला रात्रशाळेत. दिवसभर काम करून आलेली मुलं बाकावर पेंगत असायची आणि मी त्यांना विभक्ती समजावत असायचे. या विषयात माझा अधिकार एवढाच की गेली चार वर्षं रोज संध्याकाळी पाच वाजता मी या आकृतीच्या तळाशी उभी असते.

माझे वडील, अण्णा, गोदीत होते. आता एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत आणि त्यांची स्मृती ओसरत चालली आहे. तिन्हीसांज जवळ आली की अशा माणसांची अस्वस्थता वाढते, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. सांगणं आणि भोगणं यात फरक असतो. पाच वाजले की अण्णा पलंगावरून उठतात, खुंटीवरचा शर्ट चढवतात, बटणं वरखाली लावतात आणि विचारतात, "बाय, डबो भरलंस? माझो बिल्लो खंय ठेवलंस?" त्यांना रात्रपाळीला जायचं असतं. निवृत्त होऊन तेवीस वर्षं झाली. मी सांगते, अण्णा, आज सुट्टी आहे. दोन मिनिटांनी पुन्हा डबा, पुन्हा बिल्ला. पाचव्या खेपेपर्यंत माझा आवाज मऊ असतो. दहाव्या खेपेला मी दात आवळलेले असतात. एका संध्याकाळी, कितवी खेप होती देव जाणे, मी स्वयंपाकघराचं दार असं आपटलं की भिंतीवरचं कालनिर्णय खाली पडलं. अण्णांनी वाकून ते उचललं, बाहीनं पुसलं आणि माझ्या हातात दिलं. मग विचारलं, डबा भरलास का.

त्या रात्री मला झोप लागली नाही. रागापेक्षा त्याच्या मागून आलेला विचार वाईट होता: मी वाईट मुलगी आहे. आणि त्याच्याही मागून आलेला, कुणाला सांगता न येणारा: हे कधी संपणार?

ज्यांच्या मनात असे विचार येतात, आणि असे विचार येतात म्हणजे आपल्यातच काहीतरी बिघडलंय असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी हे पुस्तक आहे.

यामागची उपचारपद्धती इंग्रजीत 'अ‍ॅक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी' म्हणून ओळखली जाते. मराठीत 'स्वीकार आणि बांधिलकी' म्हणता येईल. आद्याक्षरं जोडून होणारा 'अ‍ॅक्ट' हा शब्द मुद्दाम एका दमात उच्चारतात, कारण त्याचा अर्थच कृती. स्टीव्हन हेज हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ तिच्या प्रवर्तकांपैकी प्रमुख. त्यांची गोष्ट ते स्वतः जाहीरपणे सांगतात. 1978 साली विभागाच्या एका बैठकीत प्राध्यापकांची भांडणं चालली होती. हेज बोलायला उठले आणि तोंडातून शब्दच फुटेना. छाती धडधडायला लागली. तो त्यांचा भीतीचा पहिला झटका. पुढे त्यांनी ती भीती टाळण्यासाठी सुचेल ते सगळं केलं आणि ती वाढतच गेली. मनाचा अभ्यास करणं हाच ज्याचा व्यवसाय, त्याला मनाशी झोंबी घेऊन मन हरत नाही हे स्वतःच्या अंगावर कळलं. त्यातून पुढची दोन दशकं काम झालं आणि 1999 मध्ये हेज, स्ट्रोसाल आणि विल्सन या तिघांचा या पद्धतीवरचा मूळ ग्रंथ आला. फाट्याची आकृती त्यानंतरची. ऑस्ट्रेलियातले डॉक्टर रस हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती रुळवली.

ही पद्धत पोटभर जेवणाऱ्यांच्या चोचल्यांसाठी आहे, असं कुणाला वाटेल. पण जागतिक आरोग्य संघटनेनं याच विचारावर आधारलेला ताणाला सामोरं जाण्याचा एक सोपा कार्यक्रम तयार केला आणि तो युगांडातल्या एका निर्वासित छावणीत दक्षिण सुदानहून आलेल्या 694 स्त्रियांच्या चाचणीत तपासला. गटात बसून ध्वनिमुद्रण ऐकायचं, चित्रांची पुस्तिका बघायची, शिकवणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हेत तर थोडं प्रशिक्षण घेतलेली साधी माणसं. त्या स्त्रियांची घरं परत मिळाली नाहीत, गेलेली माणसं परत आली नाहीत. पण मनावरचा ताण हा कार्यक्रम न मिळालेल्या गटापेक्षा कमी झाला. तीन महिन्यांनी तो फरक आधीइतका मोठा राहिला नव्हता, तरी टिकून होता. 2020 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जादू नाही, पण आधार आहे.

आता मी माझ्या प्रांतात येते.

या पद्धतीचं सार काय, असं मला विचारलं तर मी म्हणेन, ते मराठी व्याकरणात आधीपासून आहे. मला राग येतो. मला भीती वाटते. मला रडू कोसळतं. मला आठवण येते. मला कंटाळा येतो. या सगळ्या वाक्यांत कर्त्याच्या खुर्चीत कोण बसलंय? राग, भीती, रडू, आठवण, कंटाळा. 'मी' आहे, पण तो 'ला' प्रत्यय लावून बाजूला उभा आहे, न बोलावता आलेल्या पाहुण्यांपुढे दारात उभ्या असलेल्या यजमानासारखा. आता पुढची वाक्यं बघा. मी दार आपटते. मी पाणी देते. मी फोन उचलत नाही. इथे 'मी' प्रथमेत आला आणि क्रियेचा मालक झाला. राग मला येतो, दार मी आपटते. येणं माझ्या हातात नाही, आपटणं आहे.

हा नियम पोलादी नाही, हे मला ठाऊक आहे. 'मी चिडले', 'मी घाबरले' असंही आपण म्हणतोच. पण भाषेचा ओघ बघावा, तर मनात उठणाऱ्या गोष्टी आपल्याला होतात आणि हातापायांनी होणाऱ्या गोष्टी आपण करतो, ही वाटणी मराठी माणूस बोलायला लागल्यापासून करत असतो.

रात्रशाळेत एक मुलगा होता, दिवसा टेम्पोवर काम करणारा. मारामारी करून आला होता. मी विचारलं, का मारलंस? म्हणाला, "बाई, मला राग आला म्हणून मी मारलं." मी तेच वाक्य फळ्यावर लिहिलं आणि वर्गाला विचारलं, यात वाक्यं किती? दोन. कर्ते किती? दोन. मग त्यांना जोडलं कुणी? उभयान्वयी अव्ययानं, 'म्हणून'नं. तेव्हा मी व्याकरण शिकवत होते. आज वाटतं, माणसाची सगळी पंचाईत त्या 'म्हणून'मध्ये आहे. मला भीती वाटली म्हणून मी गेले नाही. मला लाज वाटली म्हणून मी बोललो नाही. मला नैराश्य आलं म्हणून मी कुणाला भेटले नाही. दोन स्वतंत्र वाक्यं 'म्हणून'नं अशी बांधली जातात की दुसरं पहिल्याच्या पोटातूनच जन्मलं असं वाटावं. पण अव्यय बदलता येतं. मला भीती वाटते, तरी मी जाते. मला राग आला आणि मी पाणी दिलं. पहिलं वाक्य जसंच्या तसं राहिलं. राग गिळला नाही, भीती नाकारली नाही. फक्त जोड बदलली. आकृतीतला फाटा नेमका तिथे आहे.

पुस्तकातला दुसरा धडा विचारांपासून थोडं मागे सरकण्याचा आहे. 'मी वाईट मुलगी आहे' याऐवजी 'मी वाईट मुलगी आहे असा विचार माझ्या मनात येतोय' असं स्वतःशी म्हणायचं. पहिल्यांदा वाचताना हा खेळ वाटतो. करून बघितला की कळतं, पहिल्या वाक्यात मी त्या विचाराच्या आत असते, दुसऱ्यात त्याच्यासमोर. रामदासांनी मनाला उद्देशून 205 श्लोक लिहिले. ज्याला हाक मारायची तो आणि हाक मारणारा एकच असते तर हे शक्य झालं नसतं. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या मुलं हे श्लोक घोकत आली, पण आपण आपल्या मनाशी बोलू शकतो म्हणजे आपण मनापेक्षा थोडे जास्त आहोत, हे त्यांना फारसं कुणी सांगितलं नाही.

वाक्प्रचारांत तर खजिनाच आहे. 'मनाला लावून घेणं' आणि 'मनावर घेणं' यात एका शब्दाचं अंतर, पण अर्थाच्या दिशा उलट. मनाला लावून घेणारा बोचलेला शब्द कुरवाळत बसतो. मनावर घेणारा कामाला लागतो. 'मन मारणं' हा तिसरा प्रकार, आणि स्त्रियांना तो बाळकडूसारखा पाजलेला असतो. या पुस्तकात मन मारायला सांगितलेलं नाही. मनाला लागलं तर लागू द्या, ते लागणारच. मनावर काय घ्यायचं ते ठरवा.

महाराष्ट्रातल्या वाचकाला इथे एक प्रश्न पडेल. आपल्याकडे मनाच्या आरोग्याची जी लोकशिक्षणाची परंपरा आहे, तिच्यात अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचाराचा मोठा वाटा आहे. कि. मो. फडके यांनी एलिसशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार केला, तो विचार मराठीत आणला. ठाण्याला 1990 मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी आणि सहकाऱ्यांनी उभ्या केलेल्या मानसिक आरोग्य संस्थेनं तो घराघरांत पोचवला. मग हे नवं कशाला? फरक आहे. एलिस विचाराला कोर्टात उभं करतो: पुरावा काय, हे तर्काला धरून आहे का, असंच झालं पाहिजे हा हट्ट कशासाठी? 'स्वीकार आणि बांधिलकी'वाले विचाराशी वाद घालत नाहीत. ते म्हणतात, खरा असो खोटा असो, बसू दे त्याला कोपऱ्यात, तू तुझं काम सुरू कर. माझ्यापुरतं सांगायचं तर 'मी वाईट मुलगी आहे' हा विचार वादात हरला. पण 'हे कधी संपणार' हा हरला नाही, कारण त्यात अविवेकी असं काहीच नव्हतं. थकलेल्या माणसाला ते वाटणारच. त्याच्यासाठी मला दुसरी वाट धरावी लागली. दोन्ही वाटा एकमेकींच्या शत्रू नाहीत.

भावनांना जागा का द्यायची, त्यांना हाकलूनच का लावायचं नाही, याचं उत्तर मला वडाळ्यातच सापडलं. इथे महापालिकेचं अ‍ॅक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय आहे. 1890 साली ते बेघर कुष्ठरोग्यांचा आश्रम म्हणून सुरू झालं. ज्यांचं नाव त्याला मिळालं ते हॅरी अ‍ॅक्वर्थ मुंबईचे महापालिका आयुक्त होते. मराठीच्या शिक्षिकेला ते दुसऱ्याच कारणानं माहीत असतात: शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याबरोबर त्यांनी मराठी पोवाडे गोळा करून 1891 मध्ये छापले. कुष्ठरोगात होतं काय? जंतू चेतातंतूंवर हल्ला करतात आणि हातापायांची संवेदना जाते. तव्याचा चटका कळत नाही, चपलेतला खिळा कळत नाही. जखम होते, तिच्याकडे लक्ष जात नाही, ती चिघळते, बोटं झिजतात. बोटं झडण्यामागे बहुतेक वेळा जंतूंपेक्षा न दुखणं असतं. आज बहुविध औषधोपचारानं हा रोग पूर्ण बरा होतो, पण गेलेली संवेदना परत येईलच असं नाही. म्हणून अशा रुग्णांना रोज स्वतःचे तळवे डोळ्यांनी तपासायला शिकवतात. काही दुखू नये अशी इच्छा करणाऱ्यानं एकदा या गोष्टीचा विचार करावा. अण्णांचा राग मला येतो, कारण ते माझे आहेत. ज्या दिवशी यायचा थांबेल त्या दिवशी मी बरी झालेली नसेन, बधिर झालेली असेन.

कुष्ठरोगाचा विषय निघाला की बाबा आमटे आठवणारच. पण त्यांच्या आयुष्यातला जो प्रसंग आपण शाळेत 'करुणा' या सदरात शिकवतो, तो खरं तर भीतीचा आहे. वरोऱ्यातला हा वकील निर्भय म्हणून प्रसिद्ध होता. गोऱ्या सैनिकांच्या तावडीतून स्त्रियांना सोडवायला एकटा भिडला, म्हणून गांधीजींनी त्यांना 'अभय साधक' म्हटलं होतं. सफाई कामगारांबरोबर त्यांनी मैला वाहिला होता. अशा माणसाला एका पावसाळी रात्री गटाराकाठी एक आकार पडलेला दिसला. तो माणूस होता, तुळशीराम नावाचा, कुष्ठरोगाच्या शेवटच्या अवस्थेतला. आणि आमटे पळाले. घरी पळून गेले.

पुढे जे झालं त्याचा क्रम नीट बघण्यासारखा आहे. भीती गेली आणि मग ते परतले, असं झालं नाही. भीती होती आणि ते परतले. त्यांनी तुळशीरामची शुश्रूषा केली, तो त्यांच्यासमोर गेला. त्यानंतरही तो शहारा त्यांना सतावत राहिला. त्यातून कोलकात्याला जाऊन कुष्ठरोगाचं शिक्षण, जंतूंच्या प्रयोगासाठी स्वतःचं शरीर पुढे करणं, 1949 मध्ये महारोगी सेवा समिती आणि पुढे आनंदवन. ज्याला आपण धैर्य म्हणतो ते भीतीच्या जागी आलेलं नव्हतं, भीतीच्या शेजारी बसून काम करत होतं. 'मला भीती वाटली म्हणून मी पळालो' हे पहिल्या रात्रीचं वाक्य. 'मला भीती वाटते तरी मी जातो' हे पुढच्या आयुष्याचं. आपण सगळे आमटे होणार नाही. पण पळून गेल्यावर परत फिरता येतं, एवढं त्यांच्याकडून घेण्यासारखं आहे. पुढे मोठा झालेला माणूसही आधी चुकीच्या गाडीत चढला होता.

मूल्य हा शब्द मला थोडा अवघड वाटतो. शाळेत 'मूल्यशिक्षण' नावाचा तास असायचा आणि त्यात मुलं सर्वांत जास्त जांभया द्यायची. या पुस्तकात मूल्य म्हणजे फळ्यावरचा सुविचार नव्हे. कसोटी सोपी दिली आहे: कुणीही बघत नसेल, कुणीही शाबासकी देणार नसेल, तरी मला हे असंच करावंसं वाटेल का? आपल्याकडे मूल्याचा वेष घेऊन सर्वांत जास्त वेळा दारात येतं ते 'लोक काय म्हणतील'. दोघांचे चेहरे फार सारखे असतात. अण्णांना वृद्धाश्रमात ठेवणार नाही, असं मी पहिल्या वर्षी छातीठोकपणे सांगायचे. त्यात अण्णांविषयीची माया किती आणि कॉलनीतल्या बायकांची धास्ती किती, हे तपासायला मला दोन वर्षं लागली. प्रामाणिकपणे मोजलं तर निम्मं-निम्मं निघालं. आज दुपारी तीन तास एक मदतनीस बाई येते. ती ठेवताना जीव खाली-वर झाला होता. पण मला जे जपायचंय ते 'मीच सगळं केलं' हे नाही, 'अण्णांशी माणसासारखं वागणं' हे आहे, एवढं उमगल्यावर तो निर्णय सोपा झाला नाही, फक्त स्पष्ट झाला.

मूल्य आणि ध्येय यांतला फरकही इथे येतो. ध्येय पोचण्याचं ठिकाण असतं: पनवेलला पोचलात की प्रवास संपला. मूल्य म्हणजे दिशा. पूर्वेला कितीही चाललात तरी पूर्व संपत नाही. म्हणूनच तिथे आजच्या आज, या घडीला, एक पाऊल टाकता येतं. पास-नापास असं काही नसतं.

आता या पद्धतीवरचा सर्वांत गंभीर आक्षेप. स्वीकार, स्वीकार म्हणजे शेवटी काय? सोसा, एवढंच ना? ज्या परळ-लालबागमध्ये मी शिकवलं तिथे हा प्रश्न टाळता येत नाही. जानेवारी 1982 मध्ये अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले आणि त्यांतल्या बहुतेकांचं आयुष्य पुन्हा जागेवर आलं नाही. अशा घरात जाऊन 'परिस्थितीचा स्वीकार करा' असं सांगणाऱ्याच्या हातात नारळ दिला पाहिजे. मार खाणाऱ्या बाईला 'स्वीकार' शिकवणं हा तर गुन्हा आहे.

स्वीकार मनात उठतं त्याचा, बाहेर चाललेल्या अन्यायाचा नव्हे. या फरकाचा सर्वांत मोठा धडा वडाळ्याच्याच मातीत, खरं तर चिखलात, गिरवला गेला. इथे मिठागरं होती. 1930 च्या एप्रिलमध्ये गांधीजींनी दांडीला मीठ उचललं. मुंबईत कायदा मोडणाऱ्या पहिल्या तुकडीत अवंतिकाबाई गोखले आणि कमलादेवी चट्टोपाध्याय या दोघी होत्या. या अवंतिकाबाईंनी 1918 मध्ये गांधीजींचं मराठी चरित्र लिहिलं होतं आणि त्याला प्रस्तावना लोकमान्यांची होती. मे महिन्यात वडाळ्याच्या मिठागरांवर सत्याग्रहींच्या चढाया सुरू झाल्या. लाठ्या चालल्या, गोळीबार झाला, पकडलेल्यांना वरळीच्या छावणीत कोंडलं. आणि 1 जूनला सुमारे 15,000 माणसं वडाळ्याला लोटली. रेल्वेच्या फाटकाशी पोलिसांनी कडं केलं होतं. माणसं ते कडं फोडून चिखल तुडवत मिठागरांवर धावली. त्यांत बायका होत्या, मुलं होती. दीडशेच्या आसपास जखमी झाले.

त्या गर्दीतल्या एखाद्या बाईच्या मनात काय असेल? पोटात गोळा आला असेल. घरी ठेवलेलं मूल आठवलं असेल. शेजारच्याच्या डोक्यात लाठी बसताना बघून दगड उचलावासा वाटला असेल. सत्याग्रहाच्या शिस्तीत भीती वाटू नये अशी अट नव्हती, राग येऊ नये अशीही नव्हती. अट हातांना होती: दगड उचलायचा नाही. आणि पायांना होती: मागे फिरायचं नाही. आतल्या भीतीला जागा दिली, बाहेरच्या कायद्याला दिली नाही. स्वीकार आणि प्रतिकार एकाच माणसात, एकाच वेळी. सोसणं आणि स्वीकार यांत काय अंतर आहे असं मला कुणी विचारलं तर मी त्या चिखलाकडे बोट दाखवते. आता तिथे मोनोरेल आहे, उंच इमारती आहेत, पण पावसाळ्यात पाणी तुंबलं की जुनी जमीन आठवण करून देते.

या पुस्तकाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. हे औषध नाही. झोप-भूक उडून आठवडेच्या आठवडे गेले असतील, कशातच राम वाटत नसेल, जगणं नको असा विचार वारंवार येत असेल, तर पुस्तक बाजूला ठेवून डॉक्टरकडे जायला हवं. सरकारची 'टेली-मानस' ही विनामूल्य सेवा 14416 या क्रमांकावर आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. मदत मागणं हेही फाट्यावरचं एक पाऊलच आहे, आणि माझ्या मते पहिलं.

बाकी, हे पुस्तक वाचून संपवण्याचं नाही. प्रत्येक प्रकरणाशेवटी पाच-दहा मिनिटांचे सराव आहेत. ते ओट्याशी उभं राहून करता येतात, गाडीत उभ्यानं करता येतात. तळवे जमिनीला लागलेत हे जाणवून घेणं, मनातला विचार नाव देऊन ओळखणं, श्वासाभोवती थोडी जागा करणं. सुरुवातीला बावळटासारखं वाटेल. वाटू द्या. 'मला बावळटासारखं वाटतं' यातही 'मला'च आहे.

माझ्या घरचा पाचचा फाटा अजून आहे. राग अजून येतो, आणि तो येऊ नये म्हणून खटपट करणं मी सोडलंय. तिसऱ्या खेपेला अण्णांनी डबा विचारला की मी खरंच डबा भरते. दोन घडीच्या पोळ्या, थोडी भाजी, लोणच्याची फोड. बिल्ला काही सापडत नाही, म्हणून त्यांच्या खिशाला माझ्या जुन्या शाळेचं ओळखपत्र अडकवते. आम्ही जिना उतरतो. मी राग घेऊन उतरते, ते पाळी घेऊन. कॉलनीच्या फाटकाशी कट्टा आहे, तिथे बसून डबा खातो. हार्बरच्या गाडीचा आवाज येतो. पोट भरलं की अण्णांना वाटतं पाळी झाली. मग आम्ही घरी येतो.

रोज हे जमतं असं नाही. आठवड्यातून एकदा तरी दार वाजतंच. कालनिर्णय मात्र मी आता समोरच्या भिंतीवर लावलंय.

वडाळा, मुंबई
आषाढी एकादशी